मोटारीतील गाणे : सुरांची वाटणी

तबलजी मैफलीत बसतो तेव्हा त्याच्यापुढे वाद्ये दोन असतात. घुमारा डग्ग्याने द्यावयाचा आणि चाटेचा स्वच्छ 'ना' तबल्याने, अशी ती वाटणी आहे. डग्ग्यातून 'ना' काढण्याचा किंवा तबल्यातून 'घे' घुमविण्याचा हट्ट कोणी शहाणा वादक धरीत नाही. आणि 'धा' वाजवावयाचा झाला तर दोन्ही हात एकाच क्षणी पडावे लागतात, मागेपुढे पडले तर तो 'धा' राहत नाही. मोटारीत गाणे ऐकण्याची हौस असलेल्या माणसाने एवढे ध्यानात घेतले, तर क्रॉसओव्हर नावाच्या त्या लहानशा डबीचे निम्मे कोडे उलगडले असे समजावयास हरकत नाही. उरलेले निम्मे तारांचे आहे. आणि खरा घोटाळा, खरा खर्च व कधी कधी खरा धोकाही तेथेच आहे.

समजा, अमरावतीच्या राजापेठेतील एका कुटुंबाने नवी मोटार घेतली आहे. घरातील वडीलधाऱ्यांना प्रवासात भजने व नाट्यगीते हवी असतात, मुलाला आणखी काही हवे असते. पण कारखान्याने बसवून दिलेल्या स्पीकरांचा आवाज सपक आहे याविषयी दोन्ही पिढ्यांचे एकमत होते. मुलगा 'कंपोनंट' नावाचा एक संच आणतो. खोक्यातून दोन मोठे स्पीकर, रुपयाच्या नाण्याहून थोडेसे मोठे असे दोन ट्वीटर, दोन काळ्या डब्या आणि तारांची भेंडोळी निघतात. कारागिराला घाई असते. तो तारा जोडतो, गाणे वाजते, सर्वांच्या माना डोलतात. आठवड्याने एका बाजूचा ट्वीटर मुका होतो, पंधरवड्याने दुसरा. "भाऊ, पीसच खराब निघाला," असे कारागीर सांगतो आणि नवा जोड आणविला जातो. तोही त्याच वाटेने जातो. अशा प्रकरणात पीस खराब असण्याचा संभव थोडा. काळी डबी बाजूलाच राहून गेली किंवा भलत्या खुंटीला तार लागली असण्याचा संभव फार.

असे का व्हावे हे कळण्यासाठी स्पीकरच्या पोटात डोकावले पाहिजे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली जो स्पीकर जगापुढे मांडला, त्याच घडणीचा तो बहुतांशी आजही असतो. कागदाचा किंवा तशाच हलक्या पदार्थाचा पडदा, त्याला चिकटविलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याभोवती लोहचुंबक. गाण्याचा विद्युत्प्रवाह वेटोळ्यातून वाहिला की ते पुढेमागे हलते, पडदा हवेला ढकलतो, आणि त्या ढकलण्यालाच कान गाणे म्हणतो.

आता मनुष्याच्या कानाचा पल्ला सेकंदाला सुमारे २० कंपनांपासून २०,००० कंपनांपर्यंत आहे. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते, ती गोष्ट निराळी. हा पल्ला सुमारे दहा सप्तकांचा होतो. पेटीवर तीन-साडेतीन सप्तकेच असतात हे आठवले म्हणजे दहा सप्तके ही केवढी मोठी मागणी आहे ते लक्षात येते. शिवाय आवाज तेवढाच ठेवून एक सप्तक खाली उतरावयाचे तर पडद्याला चौपट अंतर हलावे लागते, दोन सप्तके उतरावयाचे तर सोळापट. खर्जासाठी म्हणून रुंद आणि ऐसपैस हलणारा पडदा हवा, तर तार स्वरांसाठी चिमुकला व हलका. ट्वीटरचे वेटोळे केसाएवढ्या बारीक तारेचे असते आणि त्याची हालचाल मिलिमीटरच्या अंशात मोजावी लागते. त्याच्या माथी डग्ग्याचा ठोका मारला तर ते तापून जळावे किंवा आपल्या जागेवरून निसटावे, यात नवल ते काय?

मोटारीतील गाण्याच्या आरंभकाळी ही अडचण नव्हती. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली 'मोटोरोला' या नावाने मोटारीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा एक स्पीकर पुरेसा होता. मध्यम लहरींच्या रेडिओवर ५,००० कंपनांच्या पलीकडचे फारसे काही येतच नाही; ट्वीटरला तेथे कामच नव्हते. एफ. एम. पद्धतीचे प्रक्षेपण १५,००० कंपनांपर्यंत पोहोचते, आणि ते आपल्या देशात १९७७ साली मद्रासला सुरू झाले. त्याच्या मागेपुढे कॅसेट आली, पुढे तबकडी आली आणि आता खिशातल्या दूरध्वनीतून गाणे येते. १९८३ साली निघालेल्या मारुती ८०० गाडीच्या मागच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर बसविण्याची हौस कित्येकांना आठवत असेल. त्या स्पीकरच्या मधोमध एक लहान ट्वीटर असे आणि त्याच्या तारेत शेंगदाण्याएवढा एक कंडेन्सर लपलेला असे. बाजारात त्याला कोणी क्रॉसओव्हर म्हटले नाही. पण क्रॉसओव्हरचे सर्वांत साधे रूप तेच.

कंडेन्सरचा, म्हणजे हल्ली ज्याला कपॅसिटर म्हणतात त्याचा, स्वभाव असा की मंद कंपनांना तो अडवितो आणि जलद कंपनांना वाट देतो. तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, नेमकी याच्या उलट वागते. कंडेन्सर ट्वीटरच्या वाटेत बसविला आणि कॉइल मोठ्या स्पीकरच्या वाटेत बसविली की दाराशी दोन द्वारपाल उभे राहिले. त्यांना विजेचा वेगळा पुरवठा लागत नाही, म्हणून या क्रॉसओव्हराला 'पॅसिव्ह' म्हणतात. किती कंपनांपाशी वाटणी व्हावी हे कंडेन्सरच्या व कॉइलच्या आकारावर ठरते, आणि हे गणित घरी कागदावर करता येण्याजोगे आहे. स्पीकर ४ ओहमचे असून वाटणी ३,००० कंपनांवर करावयाची असेल, तर सुमारे १३.३ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि ०.२१ मिलिहेन्रीची कॉइल लागते. या साध्या वाटणीत सीमेवर दोघांना निम्मी निम्मी शक्ती मिळते. सीमेच्या एक सप्तक खाली, म्हणजे १,५०० कंपनांना, ट्वीटरकडे पाचवा हिस्सा तरीही पोहोचतोच. पाचवा हिस्सा काही थोडा नव्हे. म्हणून चांगल्या डबीत प्रत्येक वाटेवर कंडेन्सर व कॉइल असे दोन्ही पहारेकरी ठेवतात. एक वाटेत उभा राहून अडवितो, दुसरा निसटलेल्याला आडवाटेने परत लावतो. मग त्याच १,५०० कंपनांवर ट्वीटरकडे पाचव्या हिश्शाऐवजी सुमारे सतरावा हिस्सा जातो. डबीच्या पाठीवर 'दर सप्तकाला ६ डेसिबल' किंवा '१२ डेसिबल' असे जे छापलेले असते त्याचा अर्थ एवढाच.

येथे कोणी विचारील की सीमा ३,००० च्या आसपासच का? यात सोय आणि तडजोड दोन्ही आहेत. गवयाने काळी एकमध्ये षड्ज लावला तर तो सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा होतो, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे ६९ च्या आसपास. गाणारी बाई काळी चार किंवा पाचमध्ये गात असली तरी तिचा षड्ज सव्वादोनशे-अडीचशेच्या आतच राहतो. म्हणजे गळ्यातला मूळ स्वर सगळा मोठ्या स्पीकरकडेच जातो. ट्वीटरकडे काय उरते? उरते ते अक्षराचे टोक. 'स', 'श', 'फ' या अक्षरांतील वाऱ्याचा सळसळाट, तंबोऱ्याच्या जवारीचे तेज, टाळांची किणकिण. जुन्या दूरध्वनीच्या तारेवरून ३,४०० कंपनांच्या वरचे काही जात नसे, आणि म्हणूनच पलीकडच्या माणसाला 'सरबतातला स की फणसातला फ' असे विचारावे लागे. मोटारीतील ट्वीटर जळला की गाणे बंद पडत नाही. पण नाट्यगीताचे शब्द पुसट होतात आणि घरातले वडील आपल्या कानाला दोष देऊ लागतात. कान सर्वांत जास्त हळवा असतो तो २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात, हे अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते. आणि वाटणीची सीमा नेमकी त्या पट्ट्यातून जाते. शिवणीतली चूक तेथे लगेच दिसावयाची.

आता तारांकडे वळावे. डबीवर खुंट्यांचे तीन जोड असतात. एक येणाऱ्या प्रवाहाचा, त्यावर 'इनपुट' असे लिहिलेले असते, दुसरा 'वूफर'चा, म्हणजे मोठ्या स्पीकरचा, तिसरा 'ट्वीटर'चा. डेकची किंवा अॅम्प्लिफायरची तार फक्त पहिल्या जोडाला लावावयाची. ही गोष्ट सांगावयास सोपी आहे. परंतु डॅशबोर्डाखाली मान वाकडी करून विजेरीच्या उजेडात काम करणाऱ्याच्या हातून ती सहज चुकते. राजापेठेतील त्या मोटारीत बहुधा असेच झाले असावे: आलेली तार थेट दोन्ही स्पीकरांना वाटून टाकली आणि डबी दारातच गुंडाळून ठेवली. मग ४ ओहमचे दोन स्पीकर जोडीने मिळून डेकला २ ओहमचे भासतात, डेक तापतो, आणि इकडे ट्वीटर डग्ग्याचे ठोके झेलीत बसतो.

यावर चौकस मनुष्याचा एक प्रश्न ठरलेला असतो. डबीतून जोडले तरी शेवटी ४ ओहमचे दोन स्पीकर एकाच तारेवर आलेच. तेव्हाही डेकला २ ओहमच दिसणार नाहीत काय? दिसणार नाहीत. कारण कोणत्याही एका स्वरासाठी दोघांपैकी एकाचेच दार उघडे असते. खर्जाच्या वेळी ट्वीटर जणू तेथे नसतोच आणि टाळाच्या वेळी मोठा स्पीकर नसतो. सीमेवर दोघांची दारे अर्धी अर्धी उघडी असतात. एकंदर भार ४ ओहमच्या आसपासच राहतो, आणि क्रॉसओव्हरच्या करामतीतला हा भाग मोठा सुरेख आहे.

मात्र ही करामत ठरलेल्या ओहमलाच बांधलेली असते, आणि बाजारात याकडे जेवढे दुर्लक्ष होते तेवढे दुसऱ्या कशाकडे होत नाही. एक ट्वीटर बिघडला म्हणून घरच्या जुन्या साउंडबॉक्समधला ८ ओहमचा ट्वीटर त्या जागी बसविला, तर १३.३ मायक्रोफॅरडचा तोच कंडेन्सर आता ३,००० ऐवजी १,५०० कंपनांवर दार उघडतो. सीमा अख्खे एक सप्तक खाली सरकली. ज्या ओझ्यापासून ट्वीटरला वाचवावयाचे तेच त्याच्या डोक्यावर आले. उलट बाजूची चूकही तितकीच प्रचलित आहे. मागच्या दारातील स्पीकरांना वेगळी तार ओढण्याचा कंटाळा येऊन कारागीर त्यांना पुढच्या डबीच्या 'वूफर' खुंट्यांवरच जोडून देतो. आता त्या खुंट्यांवर २ ओहमचा भार आला, कॉइलची सीमा ३,००० वरून १,५०० वर घसरली, ट्वीटर मात्र आपल्या ३,००० वरच उभा. मधल्या सप्तकाला धनी कोणी नाही. गाणे मोठे वाजते, पण गाणारा खोलीबाहेर उभा राहून गात असल्यासारखा वाटतो. आणि मालक आवाज आणखी वाढवितो. मागच्या स्पीकरांना डेकवर स्वतंत्र जोड असतो. तार तेथूनच आणावी.

तार जोडण्यापूर्वी मल्टिमीटर लावून पाहण्याची सवय ठेवणारा कारागीर भेटला तर त्याला सोडू नये. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर सव्वातीन ते साडेतीन ओहमच्या आसपास दाखवितो; शून्य दाखविले तर कोठेतरी तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, आणि काहीच दाखविले नाही तर वेटोळे तुटले आहे. तीच सुई एकदा तारेला आणि एकदा गाडीच्या पत्र्याला लावून पाहावी. तेथे काहीही जोड दिसता कामा नये. पत्र्याचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे की गाडीतील दिवे, हॉर्न वगैरेंचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते, त्या सवयीने काही जण स्पीकरचे ऋण टोकही पत्र्याला जोडतात. आजच्या डेकमध्ये प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही टोकांना दोन बाजूंनी प्रवाह हाकला जातो. त्यांपैकी कोणतेही टोक पत्र्याचे नसते. एवढ्या एका चुकीने नवा कोरा डेक क्षणात निकामी होऊ शकतो.

आणि डेकच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे जे ठळक छापलेले असते, त्याचे रहस्यही येथेच सांगितलेले बरे. गाडी चालू असताना बॅटरीचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास असतो. १४.४ चा वर्ग करून ४ ओहमने भागले की उत्तर ५१.८ येते. म्हणजे पूर्ण दाब अखंड, चौकोनी लाटेच्या रूपाने स्पीकरवर आदळला तर हा आकडा. गाणे मात्र चौकोनी लाटेचे नसते. स्वच्छ गाण्यासाठी अशा डेकमधून प्रत्येक स्पीकरला १८-२० वॅट मिळाले तर पुष्कळ. छापील आकड्यावर विश्वास ठेवून कोणी गुंडी शेवटपर्यंत पिळली की लाटांचे शेंडे छाटले जातात, आणि छाटलेल्या लाटेत मूळ गाण्यात नसलेली तीक्ष्ण कंपने उत्पन्न होतात. ती सगळी डबीने शहाणपणाने ट्वीटरकडेच पाठवावयाची. कमी शक्तीच्या यंत्राने मोठा स्पीकर जळत नाही, पण लहान जळू शकतो, या विचित्र अनुभवाचे कारण हे आहे.

आता 'धा'ची गोष्ट. स्पीकरच्या दोन टोकांपैकी एक धन आणि एक ऋण असते. डाव्या दारातला स्पीकर सुलटा आणि उजव्या दारातला उलटा लागला, तर एक पडदा हवा पुढे ढकलीत असताना दुसरा मागे ओढतो, आणि खर्ज हवेतल्या हवेत विरून जातो. असा दोष असलेल्या मोटारीतले लोक मोठमोठे 'बूफर' घेऊन येतात, कारण त्यांना घुमारा सापडत नाही. आणि खरे औषध असते दोन तारांची अदलाबदल. मोठ्या स्पीकरची परीक्षा भिंतीवरच्या घड्याळातील दीड व्होल्टच्या सेलने होते. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर लावले तर पडदा बाहेर उसळला पाहिजे. ट्वीटरची हालचाल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तेथे खुणेवरच भिस्त ठेवावी लागते.

परंतु एक मौज अशी की, दर सप्तकाला १२ डेसिबलच्या डबीत ट्वीटर मुद्दाम उलटा जोडणे हेच पुष्कळदा बरोबर असते. दोन पहारेकऱ्यांतून जाताना वरच्या व खालच्या वाटेच्या लाटा सीमेवर एकमेकींच्या उलट होतात; ट्वीटर उलटा लावला की उलट्याचे सुलटे होऊन दोन्ही हात पुन्हा एका क्षणी पडतात. सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतील दोन तंत्रज्ञांच्या नावे जी वाटणी प्रसिद्ध आहे आणि जिच्यावरचा लेख १९७६ साली निघाला, तिच्यामागची काळजी हीच होती: सीमेवर दोघांनी मिळून एक आवाज द्यावा, खड्डा पडू नये आणि उंचवटाही येऊ नये. मोटारीत ही काळजी आणखी बिकट होते. मोठा स्पीकर दाराच्या पायथ्याशी, ट्वीटर आरशाजवळ, आणि चालविणारा उजवीकडे बसलेला. ३,००० कंपनांची लाट अवघी ११-१२ सेंटिमीटर लांब असते. दोन स्पीकरांच्या अंतरात सहा सेंटिमीटरांचा फरक पडला तरी सुलट्याचे उलटे होते. तेव्हा कागदावरचे गणित येथे थांबते. ट्वीटरच्या तारा एकदा अशा आणि एकदा तशा लावून ओळखीच्या गळ्याचे गाणे ऐकावे. ज्या जोडणीत आवाज भरीव व जवळ वाटेल ती कायम करावी. दोन्ही दारांना मात्र नियम एकच.

वऱ्हाडच्या हवेचा विचार परदेशी पुस्तिकेत नसतो. तो इथल्या माणसानेच करावयाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे अमरावती-अकोल्याला नवे नाही, आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्याही पुढे तापतो. स्वस्त डबीतले कंडेन्सर रासायनिक द्रव भरलेले असतात. उष्णता दर दहा अंशांनी वाढली की त्यांचे आयुष्य अदमासे निम्म्यावर येते. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्याचे कंडेन्सर थोडे महाग, पण येथे तेच टिकतात. डबी डॅशबोर्डावर, काचेखाली कधीच ठेवू नये. दाराच्या पोकळीतही ठेवू नये, कारण काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दाराच्या आतूनच खाली जाते. दाराच्या तळाला भोके ठेवलेली असतात ती त्यासाठीच. पायाजवळच्या बाजूच्या पट्टीमागे, सावलीत आणि कोरड्यात, पत्र्याला अगदी न भिडेल अशी तिची जागा. तारांच्या जोडावर नुसती काळी टेप गुंडाळली तर पहिल्याच उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि जोड उघडा पडतो. जोड कथलाने डाखावा आणि त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. कारखान्याची मूळ तार कापण्याऐवजी त्या गाडीचा तयार कपलर मिळतो. थोडक्या पैशात पुढची कटकट वाचते.

तारेविषयी फार बोलण्याचे कारण नाही. दीड चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार दारापर्यंत पुरेशी आहे. पाच मीटर अंतरावर जाऊन परत येण्यात तिचा विरोध एका ओहमच्या आठव्या हिश्शापेक्षाही कमी भरतो. सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या जाड तारांनी गाणे गोड होत नाही. फसवणूक होते ती दुसरीकडे. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार तांब्याची म्हणून विकली जाते. तिचा विरोध सुमारे दीडपटीहून अधिक असतो आणि टोकाशी ती लवकर गंजते. पात्याने एक तंतू खरवडला की आतला पांढरा रंग दिसतो.

स्पीकरच्या तारेत ही फसवणूक खपूनही जाईल, पण अॅम्प्लिफायरला बॅटरीपासून येणाऱ्या तारेत ती जिवावर बेतू शकते. खऱ्याखुऱ्या ४०० वॅटचा जुन्या घडणीचा अॅम्प्लिफायर भरात असताना ५० अँपिअरच्या जवळपास प्रवाह ओढतो. घरातील गीझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो हे ध्यानात घ्यावे. ही तार इंजिनाच्या पत्र्यातील भोकातून आत येते. भोकाला रबराची कडी नसेल तर गाडीच्या थरथरीने तिचे वेष्टण झिजते, तांबे पत्र्याला टेकते, आणि बॅटरीची सगळी शक्ती त्या एका बिंदूवर उतरते. मग तार लाल होते व शेजारचे रबर, गालिचा पेट घेतात. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, अॅम्प्लिफायरजवळ असून उपयोग नाही, कारण धोका मधल्या तारेत आहे. फ्यूजचा आकडा तारेच्या कुवतीवरून ठरवावा. तो उडतो म्हणून त्या जागी खिळा किंवा जाड तार घालणारा मनुष्य कारागीर नव्हे.

मोठ्या 'बूफर'साठीही अशीच पॅसिव्ह डबी का वापरीत नाहीत, अशी शंका येईल. ८० कंपनांवर वाटणी करावयाची तर ४ ओहमसाठी साध्यातल्या साध्या रचनेत ८ मिलिहेन्रीची कॉइल लागते, म्हणजे मघाच्या कॉइलच्या जवळजवळ चाळीसपट. तांब्याचे ते एक भेंडोळेच व्हावयाचे. तेथे वाटणी अॅम्प्लिफायरच्या आधी, दुबळ्या प्रवाहातच करणे स्वस्त पडते, आणि बहुतेक अॅम्प्लिफायरांत ती सोय असतेच. दारातल्या स्पीकरांचा ८० च्या खालचा भार तेथेच उतरविला तर पडदे मोकळे होतात व डबीतून जाणारे गाणेही निवळते.

सर्व जोडून झाल्यावर परीक्षा कशाने घ्यावी? अमरावती जिल्ह्याला त्यासाठी दूर जावे लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या मोझरीमुळे घरोघर पोहोचलेली खंजिरी हे या कामी फार सोयीचे वाद्य आहे. तिचे कातडे मोठ्या स्पीकरचे, तिच्या चकत्या ट्वीटरच्या, आणि दोन्ही एकाच हाताच्या एकाच थापेने वाजतात. खंजिरी भजनाचे चांगले ध्वनिमुद्रण लावून डोळे मिटावे. थाप गुडघ्यापाशी आणि छुमछुम कानापाशी अशी वाद्याची दोन शकले ऐकू आली तर ट्वीटरचा रोख बदलावा, नाहीतर त्याच्या तारा उलटून पाहाव्या. वाद्य एकच होऊन समोरच्या काचेपाशी उभे राहिले तर जोडणी जमली.

ही परीक्षा आधी गाडी उभी ठेवून आणि मग रस्त्यावर, अशी दोनदा घ्यावी, कारण चाकांची घरघर मुख्यतः खालच्या सप्तकांत असते आणि चालत्या गाडीत ती खर्ज गिळून टाकते. राजापेठेहून निघून बडनेऱ्यावरून अकोल्याची वाट धरावी. याच अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातला गेला आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. आवाज एवढाच ठेवावा की मागच्या ट्रकचा हॉर्न आणि रुग्णवाहिकेची शीळ स्पष्ट ऐकू येईल. बेताच्या वेगाने मूर्तिजापूर येईपर्यंत जर 'स' आणि 'श' कानाला टोचू लागले, तर गाडी बाजूला घेऊन डबीवरची ट्वीटरची खुंटी शून्यावरून उणे तीनवर आणावी, आणि परतीच्या वाटेवर तेच भजन पुन्हा लावावे.